तुमच्याच तर पेशी आहेत

भाचीचा फोन आला तेव्हा मी खिचडीला फोडणी देत होते. "मावशी, तू ते हॉस्पिटलचे फॉर्म तपासतेस ना? मग शनिवारी माझ्याबरोबर अंधेरीला चल. तिथेही एक फॉर्म आहे." कसला फॉर्म ते सांगेना. मोहरी करपली ती करपलीच.

फॉर्म तपासणं हे खरोखरच माझं काम आहे. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, निवृत्त झाले, आणि आता डॉक्टर झालेल्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला परळच्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या औषधप्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीत, नेऊन बसवलं. तिथलं माझं पद 'सामान्य व्यक्ती'. हा माझा विनय नाही, नियमातच तसं लिहिलंय. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे अशा समितीत किमान सात जण लागतात. त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे, एक कायदा जाणणारा, निदान एक बाई, आणि एक असा माणूस ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही. न कळण्याची जबाबदारी माझ्यावर. डॉक्टर मंडळी प्रयोगाचा आराखडा मांडतात, औषधशास्त्राच्या बाई मात्रेवरून वाद घालतात, वकीलसाहेब भरपाईच्या कलमाशी अडतात आणि मग सगळे माझ्याकडे वळतात. "मॅडम, मराठी वाचलंत? कळतंय का?" बहुतेक वेळा कळत नाही. मग ते कागद परत जातात.

एकदा 'मूलपेशी', म्हणजे इंग्रजीतल्या स्टेम सेल, या शब्दावरून परत गेले होते. संमतिपत्रात 'मूलपेशी प्रत्यारोपण' असं शुद्ध पाठ्यपुस्तकी मराठी होतं. ते वाचून वॉर्डात एका पेशंटची आई रडायला लागली. कोणाच्या मुलाच्या पेशी काढणार तुम्ही, म्हणाली. तिला 'मूल' या शब्दात मूलच दिसलं, मूळ दिसलं नाही. तिची काय चूक? शब्द बनवणाऱ्याने संस्कृत पाहिलं, वाचणाऱ्या बाईचा चेहरा पाहिला नाही. मी तिथे 'रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी' असं करून दिलं. खरं तर आपल्याकडे पक्क्या पायावर उभं असलेलं मूलपेशींचं काम हेच. टाटा हॉस्पिटलने १९८३ साली अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडांतल्या ज्या मगजात या पेशी असतात त्याचं, प्रत्यारोपण केलं, तेव्हा हा शब्द ब्यूटी पार्लरच्या खुर्चीपर्यंत पोचला नव्हता.

शनिवारी पार्ल्याहून रिक्षा केली. लिंक रोडवरची काचेची इमारत, चौथा मजला. आत शिरल्यावर दवाखान्याचा वास नाही, लेमनग्रासचा. भिंतीवर मोठा आरसा आणि त्याच्याभोवती इतके दिवे की माझ्या गालावरचा १९७८ सालचा कांजिण्यांचा व्रणसुद्धा मला नव्याने भेटला. डॉक्टर आधी भेटतच नाहीत. आधी 'काउन्सेलर' भेटते. पंचविशीची, गोड मुलगी, हातात टॅब. तिने भाचीला फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. नंतरच्या फोटोंत सगळ्यांनी केस मोकळे सोडले होते आणि सगळ्या हसत होत्या, एवढं मला दिसलं.

प्रकार असा होता. पोटाच्या कडेची थोडी चरबी बारीक नळीने ओढून घ्यायची, यंत्रात गरगर फिरवायची, तिच्यातून निघालेलं द्रावण सुईने गालात, डोळ्यांखाली, कपाळावर सोडायचं. नाव 'स्टेम सेल फेसलिफ्ट'. तीन बैठका, एक लाख ऐंशी हजार, दिवाळीपूर्वी नोंदवलं तर दीड.

मी भाषण तयार करून गेले होते. साधारण मथळा, रूप हे नश्वर असतं. ते मी केलं नाही, कारण भाचीचं म्हणणं मला रिक्षातच ऐकायला मिळालं होतं. ती मालिकांत काम करते. छत्तीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ती नायकाची वहिनी होती. या वर्षी तिला लूक टेस्टला बोलावलं ते नायकाच्या आईसाठी, आणि नायक तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. "मावशी, आई केली ना एकदा, की परत खाली येता येत नाही. ती लिफ्ट फक्त वर जाते." कांदिवलीच्या फ्लॅटचा हप्ता तिच्या चेहऱ्यावर चालतो. सुताराने रंध्याला धार लावली तर आपण त्याला हौशी म्हणत नाही. हे मला पटलं, आणि पटल्यामुळेच मी तिथे नीट प्रश्न विचारू शकले असं मला वाटतं.

"या द्रावणात पेशी कोणत्या असतात? किती? टोचण्याआधी मोजता का?"

"मॅम, तुमच्याच पेशी असतात. बाहेरचं काहीच नाही. रिअ‍ॅक्शनचा प्रश्नच येत नाही."

"याची ट्रायल नोंदवलेली आहे का? कोणत्या एथिक्स कमिटीने मान्यता दिली?"

मुलगी गोड हसली. "मॅम, ते रिसर्चवाल्यांचं असतं. ही ट्रीटमेंट आहे."

त्या एका वाक्यावर मी गेले महिनाभर अडकून पडले आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलपेशींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. शीर्षकात दोन शब्द होते, संशोधन आणि उपचार. २०१३ मध्ये ती सुधारली तेव्हा त्यांनी शीर्षकातून 'उपचार' हा शब्द मुद्दाम काढून टाकला. जन्मभर वह्या तपासलेल्या बाईला या एका खोडलेल्या शब्दाचं किती कौतुक वाटलं असेल! नवं काही लिहिण्यापेक्षा योग्य शब्द खोडायला जास्त अक्कल लागते. २०१७ च्या आवृत्तीत तर स्पष्टच आहे. रक्ताशी संबंधित ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर माणसाच्या शरीरात मूलपेशी घालणं हे संशोधन समजायचं, ते रीतसर ट्रायलमध्येच करायचं, आणि त्याबाहेर केलं तर ते वैद्यकीय गैरवर्तन. म्हणजे त्या मुलीने 'ट्रीटमेंट' म्हटलं तो सरकारी कागदावरून २०१३ मध्येच खोडलेला शब्द होता. लिंक रोडवर तो अजून चालतो, जुन्या नोटेसारखा.

समजा, हेच द्रावण परळला माझ्यासमोर आलं असतं. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं असतं की प्राण्यांवर काय दिसलं. औषधशास्त्राच्या बाईंनी विचारलं असतं की प्रत्येक बाटलीत पेशी सारख्याच आहेत कशावरून, निर्जंतुक आहेत कशावरून. २००९ पासून सक्तीची असलेली ट्रायल रजिस्ट्रीतली नोंदणी मागितली गेली असती. संमतिपत्र मराठी, हिंदी, गुजरातीत लागलं असतं आणि 'हा प्रयोग आहे, याचा उपयोग होईलच असं नाही' हे वाक्य पहिल्या पानावर आलं असतं, शेवटच्या नव्हे. इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई वेगळी. वकीलसाहेबांनी त्या कलमासाठी दोन चहा संपवले असते. आणि भाचीकडून एक पैसाही घेता आला नसता, कारण ज्याच्या अंगावर प्रयोग करायचा त्यालाच त्याचं बिल लावायचं नसतं. उलट तिच्या रिक्षाचं भाडं द्यावं लागलं असतं.

तीच भाची, तीच चरबी, तेच यंत्र. परळला ती प्रयोगातली सहभागी, म्हणून तिच्याभोवती सात माणसं आणि कायद्याचं कुंपण. अंधेरीला ती गिऱ्हाईक, म्हणून लेमनग्रास. आणि ज्यातून काही शिकता यावं, तेही तिथे होत नाही. परळला फसलेला प्रयोगही नोंदला जातो. अंधेरीत फसला तर बाई स्वतःच दुपट्टा ओढून घरी बसते. तिला सांगायचीही लाज वाटते, कारण लोक म्हणणार, कोणी सांगितलं होतं नसते चोचले करायला?

'तुमच्याच पेशी' हे शब्द फार हुशारीने निवडलेले आहेत. आपल्या भाषेत 'आपलं' या शब्दाला तपासणी माफ असते. घरचं तूप, घरचा मसाला, आपला माणूस. आपला तो बाब्या, ही म्हण काय उगाच झाली? पण बाब्याला परक्या घरी, परक्या संगतीत सोडला की तो बाब्याच राहतो असं नाही. मला समजलं ते असं की चरबीतून जे द्रावण निघतं त्यातल्या सगळ्याच पेशी मूलपेशी नसतात. त्यात रक्तवाहिन्यांच्या पेशी, प्रतिकारशक्तीच्या पेशी अशी बरीच वर्दळ असते आणि मूलपेशी त्यातला छोटा हिस्सा. शिवाय चरबीतल्या या मूलपेशींना चरबी, कूर्चा, हाड असं वेगवेगळं होता येतं. आजूबाजूला जे सापडेल त्यावरून त्या ठरवतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या एका साठी उलटलेल्या बाईंची गोष्ट २०१२ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये आली होती. त्यांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यांभोवती टोचल्या गेल्या. चेहरा भरण्यासाठी सुरकुत्यांत एक फिलरही घातला होता. अगदी सर्रास वापरला जाणारा, कॅल्शियमयुक्त. काही महिन्यांनी बाईंचा उजवा डोळा उघडेना. उघडला की पापणीतून टिक् असा आवाज यायचा. दुसऱ्या शल्यविशारदाने पाहिलं तर पापणीत आणि आसपास हाडाचे बारीक तुकडे तयार झाले होते. ते काढायला सहा तासांहून जास्त लागले. त्या फिलरमधलं कॅल्शियमचं संयुग अशा पेशींना हाडाच्या वाटेला लावतं, हे प्रयोगशाळेत आधीपासून माहीत होतं. फिलर निर्धोक, पेशी 'तुमच्याच', आणि दोघांची गाठ पापणीत.

मी हे भाचीला सांगितलं तेव्हा तिने नकळत स्वतःच्या पापणीला हात लावला. मग म्हणाली, "पण मावशी, असं एखाद्याच बाईला होतं." बरोबर आहे. किती जणींना होतं ते मोजायला कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे एखादीलाच होतं असं म्हणणंही तितकंच सोपं.

फ्लोरिडातली हकिकत मी तिला सांगितली नाही, पण इथे सांगते, कारण तीत फॉर्म आहे. मार्च २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने तीन बायकांबद्दल छापलं. वयं ७२ ते ८८, दृष्टिपटलाचा म्हातारपणी होणारा आजार. पोटाच्या चरबीतून काढलेल्या त्यांच्याच पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. पाच हजार डॉलर घेतले. दृष्टी जवळजवळ गेली. काही जणींना वाटत होतं की आपण संशोधनात भाग घेतोय, आणि सही केलेल्या फॉर्ममध्ये संशोधनाचा शब्दही नव्हता. अंधेरीत संशोधनाला उपचार म्हणतात, तिथे उपचाराला संशोधन वाटू दिलं. गिऱ्हाईक बघून नाव बदलायचं.

'पेशंटच्याच पेशी आहेत, हे औषध कसं होईल' हाच बचाव कॅलिफोर्नियातल्या काही दवाखान्यांनी कोर्टात केला होता. औषधांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने त्यांच्यावर खटला भरला होता. २०२२ मध्ये खालच्या कोर्टाने दवाखान्यांचं ऐकलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला आणि चरबीतून वेगळं काढलेलं हे द्रावण औषधच आहे, असं म्हटलं. आपले २०१९ चे नियमही पेशींवर किती हाताळणी केली यावर बोट ठेवतात. एन्झाइम घालून वेगळ्या केल्या, वाढवल्या, कशात तरी मिसळल्या, की ते नवं औषध. त्यामुळे 'किमान हाताळणी' हे शब्द दवाखान्यांचे आवडते झाले आहेत. आपण फक्त गाळलं, बाकी काही नाही. चहा गाळल्यासारखं.

आमच्या समितीतले प्लास्टिक सर्जन याबाबत फार सरळ बोलतात. चरबी एका जागेची काढून दुसरीकडे भरणं हे जुनं, चांगलं काम आहे, भाजल्याच्या व्रणांना, अपघाताने बसलेल्या गालांना त्याचा उपयोग होतो, ते स्वतः करतात. "फक्त तिला चरबी म्हणतो आम्ही. स्टेम सेल म्हटलं की तिचा भाव वाढतो." रक्तातून काढलेल्या पीआरपीचंही असंच. त्यात असतात त्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, आणि त्यांना केंद्रकही नसतं, पण केस उगवण्याच्या जाहिरातीत तीही बिचारी मूलपेशींच्या पंगतीला बसते.

काउंटरवर क्रीमही होती. एकावर सफरचंद. स्वित्झर्लंडमधल्या एका जुन्या, फार टिकणाऱ्या जातीच्या सफरचंदाच्या पेशी म्हणे. डबीत जिवंत पेशी नसतात, अर्क असतो, आणि सफरचंदाच्या पेशीला माझ्या गालाशी काय बोलायचं असेल, ते मला सुचेना. पण दुसऱ्या जातीची महागडी क्रीमही बाजारात असतात, त्यांतले वाढीचे घटक माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून घेतात, आणि त्या पेशींचं मूळ काहींच्या बाबतीत नवजात बाळांची सुंता करताना काढलेल्या कातडीत असतं. बाळाच्या आईबापांना हे कितपत सांगितलं होतं, असा प्रश्न माझ्या मनात आला. आणि परळच्या वॉर्डात रडलेली ती आई आठवली. मूलपेशी म्हणजे मुलाच्या पेशी, असं ती म्हणाली होती. तिला शब्द कळला नाही, असं मी धरलं होतं.

घरी आल्यावर मला पुण्याचं ते नाक आठवत राहिलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी, मराठा शेतकरी. टिपूच्या लोकांनी १७९२ च्या लढाईत त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आलं. मेणाचा साचा नाकावर बसवून बघायचा, तो कपाळावर ठेवून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, दोन डोळ्यांच्या मधला एक पट्टा मात्र तोडायचा नाही, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती वळवून नाकावर आणायची. चिकटवायला काय, तर कात. आपण पानात घालतो तो. लंडनमध्ये त्यावरून तशी शस्त्रक्रिया व्हायला १८१४ उजाडलं.

तीही 'तुमचीच कातडी' होती. पण काय कुठून काढलं आणि कुठे लावलं, ते कावसजीला, त्या वीटवाल्याला आणि बघणाऱ्यांना दिसत होतं. जमलं नाही तर तेही साऱ्या गावाला दिसलं असतं. भाचीच्या गालात सुईने जे जाणार, ते तिला दिसणार नाही, टोचणाऱ्यालाही दिसणार नाही. ते काय आहे हे फक्त ब्रोशरला माहीत. आणि कावसजीला नाक नव्हतं. भाचीला सगळं काही आहे, थोडं थकलेलं. रक्ताच्या कर्करोगात पेशींचा धोका पत्करायचा तो मरणाच्या समोर. इथे तो धोका कशाच्या समोर ठेवायचा? एका कास्टिंगवाल्याच्या शेऱ्यासमोर. तो शेरा खोटा नाही हीच तर पंचाईत.

फॉर्म चार पानी होता, इंग्रजीत. भाचीचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, पण तिनेच सांगितलं, मराठीत कर. रविवार त्यात गेला. 'परिणाम व्यक्तिपरत्वे वेगळे असू शकतात' हे सहा वेळा. 'पैसे परत मिळणार नाहीत' हे तीन वेळा. पेशी कोणत्या, किती, याबद्दल एकदाही नाही. 'प्रायोगिक' हा शब्द नाही. वाद झाल्यास न्यायक्षेत्र मुंबई, हे मात्र ठळक अक्षरांत. माझं भाषांतर साडेतीन पानांत बसलं. मराठीत आलं की पुष्कळसं इंग्रजी विरघळतं.

संध्याकाळी ती आली. चहा घेत सोफ्यावर मांडी घालून तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं, संवाद पाठ करताना वाचते तसं, विराम घेत. "मला या प्रक्रियेची संपूर्ण माहिती देण्यात आली असून ती मला समजली आहे." थांबली. ओळ पुन्हा वाचली, जरा वेगळ्या सुरात, जणू पहिला टेक जमला नव्हता. मग कागदावरून वर बघत म्हणाली, "मावशी, काय समजलंय गं मला?"

मी पोहे आणायला आत गेले.

पुढच्या गुरुवारची तिची तारीख होती. ती गेली नाही. माझ्या साडेतीन पानांमुळे नव्हे. सूज उतरायला आठ-दहा दिवस लागतात, आणि नेमकं त्याच आठवड्यात प्रॉडक्शनमधून फोन आला, फिल्मसिटीत सलग बारा दिवसांचं शेड्यूल लागलं. आईचीच भूमिका. तिने घेतली. भरलेले दहा हजार दवाखान्याने परत केले नाहीत, मार्चपर्यंत पुढे ढकलले आहेत.